घडी

त्यांचा जुना मित्र रमाकांत चहाचं सांगायला आत गेल्याबरोबर तोरसकर उठले आणि शोकेससमोर जाऊन उभे राहिले. वरच्या फळीवर, पितळी गणपती आणि नातवाची ट्रॉफी यांच्या मधोमध, त्यांनी स्वतः केलेलं कार्ड ठेवलेलं होतं. त्यांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली, कार्ड अलगद उचललं आणि ते ठेवलं होतं तिथे बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

कार्डाखाली धूळ होती, पण कार्ड मात्र लख्ख होतं.

त्यांनी कार्ड उघडलं. आत कागदाची छोटीशी स्कूटर ताडकन उभी राहिली. रमाकांतची जुनी, एका बाजूला कलणारी. तोरसकरांना स्कूटर बघायची नव्हती. त्यांनी अंगठा घडीवरून फिरवला. घडी कडक होती. कार्ड चार-दोन वेळा जरी उघडलं तरी घडी सैलावते, कागद मऊ पडतो. हे कार्ड देऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

"बघतोयस होय?" रमाकांत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. "आम्ही तर रोज बघतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवतो."

"रोज?"

"रोज म्हणजे... असंच, येता-जाता."

"छान," तोरसकर म्हणाले आणि कार्ड जागेवर ठेवून चहाची वाट पाहत बसले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती आणि ती काही आजची नव्हती.

विश्वनाथ तोरसकर मूळचे देवगडकडचे. सिल्वासाच्या एका सरकारी कचेरीत आरेखक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. पुलांचे आणि शाळांचे नकाशे. निवृत्त झाले आणि माणूस विझल्यासारखा झाला. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे ते जेवायला हाक मारीपर्यंत तिथेच. दाढी वाढली, बोलणं आटलं. कुसुमबाई शाळेतून निवृत्त होऊन घरीच होत्या. त्यांनी डॉक्टर केले, उपास केले, भावाला फोन करून रडूनही झालं. मग एके दिवशी कुठल्याशा लग्नाची जाडजूड पत्रिका आली. तोरसकरांनी ती बोटांत घोळवली, कपाटातून पट्टी आणि कटर काढलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या पत्रिकेतून एक पूल उभा केला. पत्रिका मिटली की पूल गायब, उघडली की कमानीसकट हजर. कुसुमबाईंनी तो पूल किती वेळा उघडला आणि मिटला याला गणती नाही.

तेव्हापासून त्यांचं तेच चाललं होतं. वाळलेल्या बॉलपेनच्या टोकाने घडीची रेघ दाबायची, कटर श्वास रोखून चालवायचं, डिंकाचा थेंब काडीने लावायचा. कुणासाठी काय उभं करायचं याचा विचार ते दात घासतानाही करीत. बाजारातलं ठरावीक फुलांचं कार्ड त्यांना आवडत नसे. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. रमाकांतला स्कूटर. कुसुमबाईंच्या शाळेतल्या मनीषाला तिच्या किलवणीच्या घरापुढची जास्वंद. बिल्डिंगचा वॉचमन चिंधा नोकरी सोडून नरोलीला कंपनीत गेला, तर त्याला निरोपाचं म्हणून बिल्डिंगचं गेट आणि गेटापाशी त्याची निळी खुर्ची. कार्ड हातात देताना तोरसकर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहत. तो चेहरा उजळला की पुढचे आठ दिवस त्यांचा पाय जमिनीवर ठरत नसे.

पण माणसाला सुख बोचतं म्हणतात ते खोटं नाही. गेल्या उन्हाळ्यात ते मनीषाकडे गेले होते. खाली पडलेली किल्ली उचलायला वाकले, तर कॉम्प्युटरच्या टेबलाच्या डगमगत्या पायाखाली जास्वंद दिसली. दुमडून, चेपून. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाले की मनीषाकडे कार्ड दिसलं नाही. पुढच्या वेळी गेले तर कार्ड टीव्हीशेजारी ऐटीत उभं.

"हे आमच्या हॉलमध्येच असतं नेहमी, काका," मनीषा म्हणाली होती.

कार्डाच्या पाठीवर टेबलाच्या पायाचा गोल वळ तसाच होता.

त्या दिवसापासून तोरसकर पाहणीला निघू लागले. पूर्वी पुलांची पाहणी करायचे, आता कार्डांची. ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे कार्ड समोर, पुसलेलं, आणि घडी कडक. एवढ्या सगळ्यांना एकदम प्रेमाचा उमाळा कसा आला? कुठेतरी पाणी मुरत होतं. सगळ्यांनी मिळून मोबाइलवर ग्रुप केला असेल, असा त्यांना संशय होता. 'म्हातारा निघाला, कार्डं बाहेर काढा.' आणि खाली हसण्याच्या बाहुल्या. विचार आला की त्यांची कानशिलं तापत. आपण हौसेने करायचं आणि गावाने करमणूक करून घ्यायची. एकदा खात्री पटली की कटर कायमचं ठेवून द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग गॅलरी आहेच.

रमाकांतकडून घरी परतताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आज आपण रमाकांतकडे जाणार हे त्यांनी एकाच माणसाला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "जरा किलवणीला जाऊन येतो. मनीषाकडे."

"आत्ताच?" कुसुमबाईंचा हात पोह्यांच्या डावावर थांबला. "ऊन होईल. अंघोळ करून सावकाश निघा ना."

"अंघोळ झालीय माझी."

"मग चहा टाकते अजून एक."

त्या आत गेल्या. ओट्यावर भांडं वाजलं, पण पाण्याचा आवाज आला नाही. तोरसकर कान देऊन बसले. आतून कुजबुज ऐकू आल्यासारखी वाटली, की तो शेजारचा रेडिओ होता? चहा न घेताच ते खाली उतरले. किलवणीच्या वळणाशी आल्यावर त्यांनी स्कूटर नरोलीच्या रस्त्याला घातली. दमणगंगेच्या पुलावर वारा होता. आयुष्यात बायकोशी पहिल्यांदाच ते असं खोटं बोलले होते, आणि त्यांना वाईट वाटण्याऐवजी जिंकल्यासारखं वाटत होतं.

नरोलीत चिंधाची खोली शोधायला वेळ लागला. भाड्याच्या खोल्यांची लांबलचक ओळ, प्रत्येक दारात ड्रम आणि चपलांचा ढीग. तानूबाई, चिंधाची बायको, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तोरसकरांना पाहून ती चटकन उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं:

"अगं बाई, साहेब! आज बाईंचा फोन कसा नाही आला?"

तोरसकर हेल्मेट काढता काढता थांबले. "कसला फोन?"

तानूबाईने जीभ चावली. तोवर चिंधा आतून डोळे चोळत आला. "साहेब! तुम्ही? या ना, या. नाईट चालू आहे, म्हनून झोपेल होतो. तानू, खुर्ची दे."

तोरसकर खुर्चीवर बसले आणि भिंतींवरून नजर फिरवू लागले. कॅलेंडर. आरसा. खुंटीला कंपनीचा शर्ट. पत्र्याच्या पेटीवर घड्या घातलेल्या गोधड्या. गेट नव्हतं, निळी खुर्ची नव्हती.

"चिंधा, कार्ड कुठाय?"

चिंधाने बायकोकडे पाहिलं.

"सांगून टाका," ती म्हणाली. "साहेबांसमोर काय लपवायचं?"

"ते गेलं साहेब," चिंधा म्हणाला. "खोटं नाही बोलनार. सेठनी रूम खाली कर म्हने, घाईघाईत सामान हलवलं, त्याच्यात कुठं राहिलं काय माहीत. पन लई आवडेल होतं मला. कंपनीत नेऊन दाखवेल होतं सगळ्यांना. पन कागदच तो साहेब, किती टिकनार?"

"आणि फोन?"

"बाई करता ना सगळ्यांना," तानूबाईच बोलली. "साहेब निघाले की फोन करेन, तेवढं कार्ड पुसून समोर ठेवा, म्हने. मागेच सांगेल आहे आम्हाला. मी विचारलं, बाई, एवढं कशापायी? तर रडायलाच लागल्या. म्हने, कोनी ठेवत नाही असं समजलं तर हे कापायचं सोडतील, आन् परत त्या गॅलरीत जाऊन बसतील. ते दिवस मला परत नको, म्हने."



"मी पन बघायचो ना साहेब खालून," चिंधा हळूच म्हणाला. "गेटवरून तुमची गॅलरी समोरच. मी रोज सकाळी सलाम करायचो. तुम्ही पाहायचे माझ्याकडेच, पन तुम्हाला दिसायचो नाही."

गावभर हसणारे चेहरे तोरसकरांनी मनात इतक्या बारकाईने रंगवले होते की आता ते पुसून टाकायला जड जात होतं. शिवाय एक सल उरलाच. कार्डं कुणी ठेवली नव्हती, हे तर खरंच होतं. टेबलाच्या पायाखाली, कपाटाच्या मागे, खोल्या बदलताना कुठेतरी. आरेखकाचा अंदाज बरोबर निघाला होता. पण त्याचं समाधान काही होईना.

"बाईंना सांगू नका साहेब," चिंधा म्हणाला. "मी त्यांना सांगेल आहे, कार्ड आहे म्हनून. त्या एवढ्या काळजीने विचारता. गेलं म्हनायला जीभच नाही उचलली."

तेवढ्यात चिंधाचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि तोरसकरांकडे पाहिलं. कंपनीतल्या मशीनच्या घरघरीमुळे त्याने फोनचा आवाज नेहमीच मोठा ठेवलेला. पलीकडचा शब्द न् शब्द खोलीत ऐकू आला.

"चिंधा, साहेब तुझ्याकडे आलेत का रे? मनीषाकडे पोचलेच नाहीत. सगळ्यांकडे विचारून झालं. फोन उचलत नाहीत. रस्त्यात काही झालं तर नाही ना?"

तोरसकरांनी मान हलवली. आहे म्हण, अशी.

"आलेत बाई. बसेल आहेत बाहेर. चहा ठेवलाय."

पलीकडे कुसुमबाईंचा आवाज अगदी खाली गेला. "कार्ड?"

चिंधाची नजर भिंतीवरच्या आरशावर जाऊन थांबली.

"समोरच ठेवेल आहे बाई."

"बरं झालं रे बाबा." एवढा मोठा श्वास त्यांनी सोडला की तोही ऐकू आला. "मी फोन केला होता म्हणून बोलू नकोस हं त्यांच्याकडे."

तोरसकरांनी चहा घेतला. तानूबाईने बशीत शेव दिली, तीही खाल्ली. निघताना चिंधा खाली मान घालून उभा होता. तोरसकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्कूटर सुरू केली. पुलावर आल्यावर त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी स्कूटर कडेला घेतली. राग यायला हवा होता. आपल्याला पोरासारखं फसवलं, बाहेरच्या माणसांपुढे आपलं गाऱ्हाणं नेलं. पण डोळ्यांपुढे येत होती ती हातातला डाव तसाच धरून 'आत्ताच?' विचारणारी कुसुम. प्रत्येक वेळी आपण चपला शोधत असताना तिची आत काय धांदल उडत असेल! आणि आज तर तिला आपण चहाच्या भांड्यापाशी तशीच सोडून आलो.

घरी आले तेव्हा कुसुमबाई वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसल्या होत्या. फोन मेथीच्या जुडीखाली अर्धवट दडलेला होता.

"किलवणीला नाही गेलात वाटतं?"

"वाटेत चिंधाची आठवण झाली. म्हटलं बघून यावं."

"कसा आहे?"

"बरा आहे. नाईट चालू आहे त्याची."

कुसुमबाई पानं खुडत राहिल्या. काडीला एकही पान उरलं नव्हतं, तरी काडी हातातून सुटेना. त्या विचारणार नव्हत्या. त्यांनी विचारलं असतं तर पकडल्या गेल्या असत्या.

"कार्ड आहे हं त्याच्याकडे," तोरसकर म्हणाले. "आरशाशेजारी लावलंय. मी उघडून पाहिलं. घडी अगदी मऊ झालीय. रोज उघडत असणार."

कुसुमबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी इतकी भरभर उतरली की तोरसकरांना तिकडे बघवेना. ते उगाचच पंख्याचा वेग कमी करायला उठले.

"बघा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला मेलं प्रत्येकात काही ना काही दिसतं. संशयी स्वभाव."

"आहेच."

"असतात हो माणसं जपणारी."

"असतात," तोरसकर म्हणाले. मग टॉवेल खांद्यावर टाकून ते न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले, आणि तिथून, एरवी बोलत त्यापेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाले, "कुसुम, जेवण झालं की मनीषाकडे जाऊन येतो म्हणतो. सकाळी वाट बघितली असेल बिचारीने."

"आज?"

"हो. पण आता अंघोळ करतो परत. धुळीने अंग चिकट झालंय. मला वेळ लागेल."

त्यांनी आत जाऊन कडी लावली आणि बादलीखाली नळ पूर्ण सोडला. बादली भरली, पाणी काठावरून वाहू लागलं, तरी ते स्टुलावर तसेच कोरडे बसून राहिले आणि नळ बंद करायला त्यांनी हात पुढे केला नाही.