मास्तरांचा दम

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे. पितळेचा, तीन कळांचा. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने नळी वाकवताना एक सुरकुती पडू दिली नाही. पण आवाज माझा नव्हे. कुणी श्वास दिला, तरच मी बोलतो.

मला श्वास दिला मास्तरांनी. बँडमध्ये ते पहिल्या रांगेत बसत आणि एक लांबलचक सूर एका श्वासात धरून ठेवत. "काय दम आहे हो या माणसात!" लोक म्हणत. दोन धुनांच्या मध्ये मात्र मास्तर मला खुर्चीवर ठेवून बाहेर जात आणि परतले की माझ्या नळीत सिगारेटचा वास शिरे.

पन्नाशीत त्यांना न्यूमोनिया झाला. मास्तर हबकले आणि दवाखान्यातच त्यांनी सिगारेटचे पाकीट फेकून दिले. सात महिन्यांनी तो लांबलचक सूर पुन्हा एका श्वासात निघाला. त्यांच्या पत्नी हातातले काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

पण बरे वाटणेच नडले. "आता ठणठणीत आहे मी. एका सिगारेटने काय होतंय?" एकीच्या दोन झाल्या आणि मग पुन्हा पाकीट आले.

काही वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावले, "आज सिगारेट सोडलीत, तर फुफ्फुसांचं उरलंय तेवढं बळ टिकेल." घरी येऊन मास्तर खुर्चीत कोसळले.

"आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते होऊन गेलं."

"अहो, तुम्ही बरे झाला होतात तेव्हा सोडायची गरज नव्हती, आता उपयोग नाही. मग सोडायची तरी कधी?" पत्नींनी विचारले.

त्यानंतर मास्तरांनी दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्यांदा औषध घेऊन सोडली, ती कायमची. उरले तेवढे टिकले, पण गेलेले परतले नाही. आता ते मला ओठांना लावतात, चार सूर काढतात आणि खोकत खाली ठेवतात. परवा मला पुसताना पुटपुटले, "न्यूमोनियानंतर सोडली होती, तसाच राहिलो असतो तर..."

मित्रांनो, आजारी माणसाला सगळेच जपतात. तुमच्या घरात कुणी आजारपणामुळे सिगारेट सोडली असेल, तर ते बरे झाल्यावर त्यांना जास्त जपा. खरी गरज तेव्हाच असते.