उदाहरणार्थ, आत्या

रसायनच्या बाईंच्या नाकावर माशी बसलेली कधी कुणी पाहिली नव्हती, आणि बसली असतीच तर तिचं काही खरं नव्हतं. पेपर तपासायच्या केंद्रात तर त्यांचा दराराच वेगळा. एका शाळेच्या सभागृहात बाकं जोडून टेबलं केलेली, टेबलावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे, कागदी पेल्यांतला गार झालेला चहा, आणि खिडकीजवळच्या रसायनच्या टेबलाशी बाई. मार्क देताना त्यांचा हात असा आखडता, की अर्धा मार्क सुटला तरी स्वतःच्या पेन्शनीतून गेल्यासारखा चेहरा व्हायचा. एकट्या राहायच्या. भाऊ, वहिनी आणि भाची त्याच शहरात, आणि दर रविवारी बाई त्यांच्याकडे चहाला.

त्या दिवशी पहिलाच पेपर उघडला. 'उत्प्रेरक म्हणजे काय? उदाहरण द्या.' व्याख्येला एक मार्क, उदाहरणाला एक. पोरानं व्याख्या फक्कड लिहिली होती. जो पदार्थ अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः शेवटी जसाच्या तसा उरतो, तो उत्प्रेरक. आणि खाली लिहिलं होतं, 'उदाहरणार्थ, आत्या.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत्या तिथेच होती.

"अहो, हे बघा काय लिहिलंय गाढवानं!" त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्या सरांना दाखवलं. सर हसले. बाईही हसल्या. दुसरा पेपर घेतला, तर तिथेही आत्या! 'आत्या आली की आई-बाबांचं जे भांडण एरवी संध्याकाळी झालं असतं, ते चहाआधीच होतं. भांडणात आत्याचं स्वतःचं काहीच खर्च होत नाही.' तिसऱ्यात आत्या. चौथ्यात आत्या. पाचव्यातल्या पोरानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'आम्हाला आत्या नाही, तरी आत्या.'

पोरांनी कुणा एकाच्याच नोट्स घोकल्या आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत गावभर झाल्या असणार. आणि नोट्स तरी काय एकेक! राजवायूंपुढे लिहिलं होतं, 'मोठे काका. कुणाशी संयोग पावत नाहीत, वर्तमानपत्र घेऊन बसतात.' बाष्पीभवनापुढे, 'भांडी घासायची वेळ झाली की दादाचं होतं ते.' संपृक्त द्रावण म्हणजे आजोबांचा चहा, ज्यात आता आणखी साखर विरघळूच शकत नाही.

बाईंना एवढं हसू कित्येक वर्षांत आलं नव्हतं. त्या एकेक उत्तर मोठ्यानं वाचून दाखवायला लागल्या. इतिहासाच्या टेबलावरचे लोक पेन टाकून इकडे आले. भूगोलवाले तर खुर्च्याच घेऊन आले.

"पण काय बया आहे हो ही आत्या!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "भावाच्या घरात जायचं, काडी टाकायची, आणि वर चहा ढोसून यायचं! अशी नणंद वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये."

सगळे पोट धरून हसले. बाई सगळ्यांत जास्त.

मग आला एका मुलीचा पेपर. अक्षर मोत्यासारखं, आणि पाठांतर त्याहून पक्कं. तिनं नोट्समधलं काहीएक सोडलं नव्हतं. 'विशेष सूचना,' तिनं अधोरेखित केलं होतं, 'आत्या येताना पर्समध्ये स्वतःची चहाची गाळणी घेऊन येते, कारण आईच्या गाळणीची भोकं तिला मोठी वाटतात. गाळणी पर्सबाहेर निघाली की अभिक्रिया सुरू झाली असे समजावे.'

"वाचा ना, वाचा ना," भूगोलवाले म्हणाले.

बाईंचं हसू ओठांवरच थिजलं. पर्स खुर्चीला अडकवलेली होती. तिच्यात, रविवारपासून, रुमालात गुंडाळलेली गाळणी होती. बाईंनी हळूच पर्स काढली आणि पायानं खुर्चीखाली ढकलली.

"अक्षर लागत नाही हो," त्या म्हणाल्या. आता त्या मोत्यांना 'अक्षर लागत नाही' म्हणणं म्हणजे कमालच, पण बाईंना विचारायची छाती कुणाची?

भिंगरी! भावाची लेक, घरभर गिरक्या घेणारी म्हणून भिंगरी. गेल्या वर्षी रसायनात एका मार्कानं नापास झाली आणि चादरीत तोंड खुपसून रडली. तेव्हा बाईंनीच तिला जवळ घेतलं होतं. "पाठ नको करूस गं बाळा. धडा वाच, सारांश तुझ्या शब्दांत लिही, आणि प्रत्येक गोष्टीला घरातलं उदाहरण लाव. मग बघ कसं डोक्यात बसतं ते." पोरीनं आज्ञा शब्दशः पाळली. आणि मन मोठं ना तिचं! एका मैत्रिणीला नोट्स दिल्या असतील, त्या मैत्रिणीनं जगाला.

तळपायाची आग मस्तकात गेली बाईंच्या. घरात एवढी माणसं पडली होती, उदाहरणाला दुसरं कुणी मिळालं नाही कार्टीला? आणि भांडणं आपण लावतो? आपण फक्त खरं बोलतो! भावाचं पोट सुटलंय हे खरं नाही का? ते वहिनीच्या हातच्या तेलामुळे सुटलंय हे खरं नाही का? आता त्यावरून ते दोघं भिडले तर त्यात आपला काय दोष?

पण रागाखाली दुसरंच काहीतरी दुखत होतं. बाईंना आपलं वाटायचं, रविवारी ते लोक आपली वाट बघत असतात.

तेवढ्यात मुख्य नियामक आले. सगळ्या केंद्रांत मार्क एकसारखे पडावेत हे पाहणारा हा माणूस कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी बाकीच्यांना आपापल्या जागेवर पाठवलं आणि रसायनच्या टेबलाशी खुर्ची ओढली. "आत्याचा प्रश्न गंभीर आहे," ते म्हणाले. "इतर केंद्रांतूनही फोन येतायत. उदाहरणाचा मार्क द्यायचा की नाही, हे आत्ता ठरवायचं. जे ठरेल ते सगळीकडे लागू."

सगळीकडे! भिंगरीचा पेपर कुठल्या तरी केंद्रात पडलेला असणार, आणि त्यातही आत्या असणारच. यंदाही तिची गाडी एका मार्कावर अडली तर?

अडू दे. अडली तर अडली. माझी गाळणी काढते काय कार्टी लोकांसमोर!

"पहिला मुद्दा," नियामक म्हणाले. "आत्या हा पदार्थ आहे का?"

"वस्तुमान आहे, जागा व्यापते," चष्मेवाले सर म्हणाले. "झाला पदार्थ."

"चांगलीच जागा व्यापत असणार," कुणीतरी खिदळलं. बाईंनी पोट आत ओढून घेतलं.

"वेग वाढवते का?"

"प्रश्नच नाही. संध्याकाळचं भांडण चहाआधी!"

"मला हे मान्य नाही," बाई कडाडल्या. "हा रसायनाचा पेपर आहे, घरगुती चहाड्यांचा नाही. पुस्तकात प्लॅटिनम आहे, निकेल आहे. आत्या कुठल्या पानावर आहे, दाखवा मला. शून्य द्या सगळ्यांना! चांगली अद्दल घडू दे."

मघाशी सगळ्यांत मोठ्यानं हसणारी बाई ही, हिला एकदम झालं काय? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पण बाईंच्या शब्दाला वजन होतं. नियामकांनी पेनाचं टोपण काढलं.

"मलाही शून्यच द्यावंसं वाटतं," एक बारीक आवाज आला. यंदाच रुजू झालेल्या नव्या मॅडम. आजवर त्यांनी चहाला 'नको' म्हणण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. "पण माझं कारण वेगळं आहे, सर. उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा उरायला हवा ना? ही आत्या तशी उरते, हे मुलांना काय माहीत? त्यांनी तिला दारातून जाताना पाहिलं, बस्स. ती बिचारी घरी जाऊन रडतही असेल."

नियामकांनी पेन खाली ठेवलं.

"खरंच की," चष्मेवाले सर म्हणाले. "एकटीच असेल. नाहीतर दर वेळी उठून भावाकडे कशाला जाईल?"

"च्च, च्च. बिचारी."

"आणि तिला कुणी सांगतही नसेल हो, की बाई, तू आलीस की असं होतं."

"बिचारी गं बाई."

नियामकांनी मान हलवली. "मुद्दा रास्त आहे. आत्यात बदल होत असेल, तर ती उत्प्रेरक नाही. उदाहरण चूक, मार्क शून्य. बदल होत नाही असं कुणाला खात्रीनं सांगता येत असेल, तर आत्ताच सांगा."

बाईंना हवं होतं तेच घडत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण ते 'बिचारी' ना गिळता येत होतं ना थुंकता. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो! कीव? आणि तीही या कालच्या पोरीनं करायची?

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या पोरीचं बरोबर होतं. रविवारी भावाकडून परत आल्यावर बाई चपला न काढताच खुर्चीवर बसून राहायच्या. घरात चिटपाखरू नाही. मग उठून गाळणी घासायच्या, घासलेलीच पुन्हा घासायच्या, आणि कधी कधी तर डोळ्यांतलं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून जायचं. म्हणजे बदल होत होता. चांगला ढळढळीत बदल होत होता. खरं सांगायचं तर आत्या चूक होती आणि शून्य बरोबर होतं.

पण मग भिंगरी पुन्हा चादरीत तोंड खुपसणार होती. आणि या खेपेला तिला जवळ कोण घेणार? आत्या कुठल्या तोंडानं जाणार तिथे?

बाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागे कलंडली.

"कोण बिचारी?" त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं ती रडते म्हणून? अजिबात रडत नाही ती."

"तुम्हाला काय ठाऊक, मॅडम?" चष्मेवाले सर म्हणाले.

"मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? ती आत्या मीच आहे!"

पुरावा म्हणून त्यांनी मघाशी लपवलेली पर्स ओढली, रुमाल सोडला आणि गाळणी टेबलावर आपटली. भोकं खरोखरच फार बारीक होती.

भूगोलाच्या टेबलापर्यंत सगळ्यांच्या माना गाळणीकडे वळल्या. मघाशी खिदळलेला माणूस टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. नियामक मात्र नियामकच. त्यांनी गाळणीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग आपणच सांगा. भावाकडून परतल्यावर आपल्यात काही बदल होतो?"

"काडीचाही नाही," बाई म्हणाल्या. "चहा पिते, घरी येते, जेवते आणि ढाराढूर झोपते." 'जेवते' म्हणताना आवाज जरा चिरकला, पण त्यांनी खोकून घेतलं.

नव्या मॅडमनी बाईंकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून आपल्या गठ्ठ्याची सुतळी सोडत बसल्या.

"निर्णय," नियामक लिहिता लिहिता म्हणाले. "आत्या ग्राह्य. पूर्ण मार्क."

बाईंनी खुर्ची सरळ केली, बसल्या, आणि रुमाल नाकाला लावला. चष्मेवाल्या सरांनी आपला न प्यायलेला चहा त्यांच्यापुढे सरकवला. तोही गारच होता.

"सर, एक अडचण आहे," तेच चष्मेवाले सर चाचरत म्हणाले. "माझ्याकडे एका पोरानं आत्याच्या जागी मावशी लिहिलीय."

"मावशीला शून्य!" बाई रुमालाआडून म्हणाल्या. वहिनीची एक बहीण होती. ती आली की त्या घरात अंगत-पंगत काय, हसणं-खिदळणं काय, आणि निघताना भिंगरी तिच्या गळ्यात पडायची. "मावशीच्या नुसत्या चाहुलीनं भांडणं मिटतात. अभिक्रियाच होत नाही, तर वेग कसला वाढवणार ती?"

"तसं नाहीये, मॅडम." सरांनी पेपर जवळ धरून वाचलं. "'उदाहरणार्थ, मावशी. मावशी आली की दार कुणी उघडायचं यावरून बाबा आणि आजोबा भांडतात. मावशी डबा भरून आणते. दार उघडायला कुणी उठत नाही, म्हणून ती दोनदा बेल वाजवते. मग डबा घेऊन परत जाते.'"

बाईंनी हात पुढे केला. पेपर घेतला आणि पुन्हा स्वतः वाचला, अगदी सावकाश. चष्म्याची काच ओली झाली होती, ती पुसायची त्यांना आठवण राहिली नाही.

"द्या," त्या म्हणाल्या. "हिला पूर्ण मार्क द्या."

"विद्यार्थ्याला म्हणायचंय का आपल्याला?" नियामकांनी विचारलं.

"हो, हो," बाई म्हणाल्या. "त्यालाही द्या."