हं कुणाचा

वॉकी-टॉकीची एक लहर वाचवली, तर विद्याधर कर्णिकांच्या पदरात बरंच पडणार होतं. दारावर 'उपव्यवस्थापक' अशी पाटी, विक्रोळीच्या कंपनी कॉलनीत गॅलरीचं क्वार्टर, आणि बोरिवलीच्या साडूंचं तोंड बंद. शेवटची गोष्ट त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती, पण वजन तिचंच जास्त. साडूंकडे टेलिफोन होता आणि पाहुणे आले की ते तो फडक्याने पुसायचे.

साल शहाऐंशी. कारखाना लोखंडी सांगाड्यांचा. ऑफिस, गेट, गोदाम आणि यार्डातली क्रेन यांना वॉकी-टॉकीचे सेट द्यायचे ठरले, आणि ते काम कर्णिकांकडे आलं. सेट विकायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "साहेब, परवानगी दोन लहरींची मागा. एकीवर तुम्ही सगळे बोला. दुसरी नुसती क्रेनला."

"दोन लहरी म्हणजे दिल्लीला दुप्पट खेपा. अहो, चाळीत एका नळावर वीस बिऱ्हाडं पाणी भरतात. हेही पाळीपाळीने बोलतील."

"नळावर पुढे कोण उभं आहे ते दिसतं, साहेब. इथे नाही दिसत. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर एकाचा आवाज बुडतो. आणि आपण बुडालो हे त्याला कळतही नाही."

"हं," कर्णिक म्हणाले.

या हंचा अर्थ होकार नव्हता, नकारही नव्हता. ऐकतोय, एवढाच. समोरचा बोलत असताना मधूनमधून हं न म्हणणाऱ्या माणसाला कर्णिकांच्या घराण्यात उद्धट समजत. मुलुंडच्या घरी त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई बोलायला लागल्या की पेपराच्या आडून वेळच्या वेळी हं येई. पेपरातली ओळही सुटत नसे.

लहर एकच आली. मोठे साहेब इतके खूश झाले, की कर्णिकांनी आणखी एक बचत सुचवली. क्रेनच्या केबिनमधून शेडमागचं दिसत नसे, म्हणून कोपऱ्यावर एक झेंडीवाला उभा असायचा. खालच्या खलाशाने इशारा केला की तो झेंडी हलवायचा. आता सेट आहेत म्हटल्यावर झेंडी कशाला? त्याला पॅकिंगमध्ये पाठवला.

वर केबिनमध्ये दशरथ. खाली मालाला साखळी बांधणारा खलाशी सीताराम. दोघेही मालवणकडचे, आणि नुसते गाववाले नव्हेत. दशरथची धाकटी बहीण वनमाला सीतारामला दिलेली. वरून दशरथ "घेऊ?" विचारायचा, खालून सीताराम "होय" म्हणायचा, आणि माल उचलला जायचा. आधी आपलं नाव सांगायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं, असा नियम कर्णिकांनी भिंतीवर लावला होता. महिनाभर सगळ्यांनी पाळला. मग एकमेकांचे आवाज ओळखीचे झाले असं ज्याला त्याला वाटू लागलं, आणि नावही गेलं, ओव्हरही गेलं. खरं तर त्या सेटातून प्रत्येकाचा आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घातल्यासारखाच यायचा.

त्या दिवशी गोदामातून नंदकुमार शिल्लक माल वाचून दाखवत होता. "अर्ध्या इंची बोल्ट, दोन पेट्या. वॉशर, एक पेटी, तीही फुटलेली." तो श्वास घ्यायला थांबला, बटण सोडलं, की ऑफिसातून कर्णिक बटण दाबून हं म्हणत. जित्याजागत्या माणसाशी बोलतोय असं नंदकुमारला वाटावं, म्हणून.

नंदकुमार वॉशरवर होता, तेव्हाच दशरथने बटण दाबून विचारलं, "घेऊ?" गोदाम जवळ, म्हणून कर्णिकांना वॉशर ऐकू आले; 'घेऊ' बुडालं. शेडमागे सीतारामला मात्र 'घेऊ'च ऐकू गेलं. साखळी एका बाजूने सरकली होती आणि ती बसवायला तो माल आणि भिंत यांच्यामध्ये शिरला होता. तो म्हणाला, "थांब." नेमकं त्याच वेळी कर्णिक म्हणाले, "हं." पत्र्याच्या शेडमागचा थांब दुबळा पडला. दशरथला हं आला.

त्याने माल उचलला. साखळीतल्या लोखंडी तुळया भिंतीकडे झुलल्या. सीताराम तिथल्या तिथे गेला.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली.

"उचल म्हणून कुणी सांगितलं?"

"हं आला, साहेब."

"कुणाचा?"

दशरथने कर्णिकांकडे पाहिलं. कर्णिक पाण्याच्या ग्लासवरचं झाकण नीट बसवत होते. दारापाशी उभा असलेला नंदकुमार चपला बघत होता.

"सीतारामचाच ना?" मोठे साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "कारण दुसऱ्या कुणाचा असेल, तर तू भलत्याच्या आवाजावर माल उचललास असं होतं. मग क्रेन तुझ्याकडे कशी ठेवायची?"

दशरथ म्हणाला, "त्याचाच असेल."

वनमालेला बोलावून सांगितलं: इशारा त्यानेच दिला होता, चूक त्याचीच.

"ते हं नाही म्हणायचे, साहेब," ती म्हणाली. "आमच्यात होय म्हणतात. घरात पण होयच म्हणायचे."

"बाई, हं काय आणि होय काय, एकच."

बाहेर सायकल-स्टँडपाशी तिने भावाला गाठलं. "दादा, खरा सांग. तो आवाज ह्यांचो होतो?"

"डब्यातले आवाज सगळे सारकेच, वना."

"आवाज सोड. ह्यांनी तुका कधी हं म्हटल्यानी?"

दशरथने कुलपाशी खटपट केली. ते उघडंच होतं. "तीन पोरां आसत माजी," तो म्हणाला.

"माका कळता. पण गावाक सासू माजी काय म्हणतली? माजो झील आपल्याच तोंडान गेलो म्हणतली."

तिने वाट पाहिली. त्याने सायकल काढली.

पुढे क्रेनसाठी दुसरी लहर मागवली गेली. अर्ज कर्णिकांनीच लिहिला, मुद्देसूद. पाटी लागली. क्वार्टरच्या पूजेला साडू आले, गॅलरीत उभे राहून बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. ज्या गप्पपणासाठी एवढा खटाटोप केला होता, तो मिळाला तेव्हा कर्णिकांचं तिकडे लक्ष नव्हतं. हल्ली घरी सुहासिनीबाई बोलत असतात आणि पलीकडून काहीच येत नाही. "भिंतीशी बोलतेय मी," त्या म्हणतात. ते खाली मान घालून जेवतात.

वनमालेला कंपनीने कॅन्टीनमध्ये वाढायला ठेवलं. ती सगळ्यांना वाढते. दशरथची पाळी आली की डाव दुसऱ्या बाईच्या हातात देते आणि आत भांड्यांकडे जाते. महिनाभर दशरथने ते सोसलं, मग घरून डबा आणून केबिनमध्ये, वरच जेवू लागला.

नंदकुमारला कसलीच झळ लागली नाही, मोठ्या साहेबांनाही नाही. कर्णिकांचा घरातला एक शब्द गेला, तेवढ्यावर भागलं. दशरथची बहीण गेली, पण भाकरी राहिली. नवरा वनमालेचा गेला, भाऊही तिचाच गेला, आणि नवऱ्याच्या नावावर लागलेला ठपका गावाकडच्या म्हाताऱ्या सासूपुढे दरवर्षी तीच खोडत बसते.