बाकी उणे अठरा

चंद्रशेखरने खोडरबर इतक्या जोरात घासला की वहीचं पान फाटलं.

"पुन्हा उणे अठरा! काहून उरून राह्यले हे अठरा?"

शाल्मलीने नवं पान उलटलं. नववीतली पोर, पण चेहरा असा मख्ख की बापाचं डोकंच भणाणावं. जेवणं झाल्यापासून दोघं एकाच गणिताशी झुंजत होते: एक्सचा घन वजा सात एक्स वजा सहा, याला एक्स वजा तीनने भागायचं आणि अवयव पाडायचे. बाकी शून्य यायला हवी होती. ती काही केल्या येत नव्हती.

"तुह्यं लक्ष कुठं आहे? मी एकटाच बोंबलून राह्यलो."

"इथंच आहे, बाबा."

"मंग सांग, चुकलं कुठं?"

"मले नाही समजून राह्यलं," ती पेन्सिलच्या टोकाकडे बघत म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी! पुस्तकातच छपाईची चूक असेल, असं चंद्रशेखरने शेवटी जाहीर करून टाकलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," स्वयंपाकघरातून सुनीती म्हणाली. "चारची गाडी आहे तुमची. ध्यानात आहे ना?"

ध्यानात नसायला काय झालं? उमरखेडला बदली झाल्यापासून त्याचा यवतमाळचा संसार शनिवारच्या रात्री सुरू व्हायचा आणि रविवारी चारला संपायचा. त्यातही झोप, दाढी, गळका नळ. पोरीशी बोलायला जावं तर "अभ्यास झाला का?" "झाला." संपलं. मग तो मोबाइलमध्ये आणि ती तिच्या खोलीत. दिवाळीनंतर मात्र दर रविवारी तिचं एक तरी गणित अडायला लागलं. वर्गात पहिल्या पाचात येणारी पोर अशी ढ कशी झाली, या चिंतेने उमरखेडच्या खोलीवर त्याला झोप लागत नसे. आणि चिंता वाटली की त्याला रागच यायचा, हा त्याचा जुना स्वभाव.

फाटक वाजलं. समोरच्या गॅरेजवाल्या गुलाम नबींची उमेरा वही घेऊन उभी होती. ती शाल्मलीच्याच वर्गातली.

"जा," चंद्रशेखर वैतागून म्हणाला. "तिलेच विचार. तिले तरी येत असेल!"

शाल्मली बाहेर गेली. खिडकी उघडीच होती.

"तिसरं गणित जमूनच नाही राह्यलं यार," उमेरा म्हणत होती. "बाकी उणे अठरा येते."

चंद्रशेखरला हायसं वाटलं. म्हणजे चूक पुस्तकाचीच!

"अगं, त्यात एक्सचा वर्ग आहे का? नाही ना? तरी त्याची जागा ठेवायची. घनानंतर शून्य मांड, मंग सात एक्स घे. मंग येते बरोबर."

"हां! तू कधी केलं?"

"शुक्रवारीच."

"मंग आता काय करून राह्यली?"

"तेच." शाल्मलीचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोल ना. बाबा आहेत."

चंद्रशेखरने फाटक्या पानाकडे पाहिलं. घन, आणि त्याला खेटून सात एक्स. दर वेळी तसंच. त्याचे कान तापले. एवढीशी कार्टी बापाला खेळवते! तिला जोरात हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मागचा रविवार आठवला, त्याच्या मागचाही. गणित सुटलं की तो उठायचा, मोबाइल घ्यायचा आणि बॅग भरायला लागायचा.

शाल्मली आत येऊन पुन्हा त्याच्या शेजारी बसली.

"तिलेही नाही आलं," ती म्हणाली.

"अहो, डबा भरला!" सुनीतीने आतून हाक दिली. "निघा आता."

"सहाची आहे ना एक?"

"ती पोचते किती वाजता, माहीत आहे ना?"

"पोचते ना? मंग झालं."

त्याने वही स्वतःकडे ओढली. आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्तच खेकसला.

"पहिल्यापासून करू. अन् आता नीट ध्यान दे!"

त्याने घन लिहिला. पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्याने घनाला अगदी खेटून सात एक्स लिहिलं.

शाल्मलीने वहीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या, नेहमीसारख्याच. तिने खोडरबर त्याच्या हाताशी सरकवला आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.