फिरायला निघालेली थापी

मी थापी बोलतेय. गवंड्याची, गिलावा करायची. थाप मारणं हे माझं काम, पण ते भिंतीवर. माणसांना थापा मारणारे वेगळे, त्यांची गोष्ट येतेच आहे. सध्या माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, 'मुद्देमाल क्रमांक सात', आणि मुक्काम आहे पोलीस ठाण्याच्या लोखंडी कपाटात.

लोहाराने घडवलं तेव्हा मी अगदीच ओबडधोबड होते. आमच्या मिस्त्रींनी घासूनपुसून मला वळण लावलं. बावीस वर्षं आम्ही बरोबर. काम संपलं की आधी माझी आंघोळ, मग त्यांची. त्यांची बायको म्हणायची, "अहो, एवढं लक्ष कधी माझ्याकडे द्या की!" ते ऐकून मला कसलं बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग घरात तो मेला पासपोर्ट आला. एवढंसं पुस्तक, पण मिस्त्री दिवसातून चारदा हात धुऊन ते उघडायचे. आणि मी? पाटीत पडलेली, सुकलेल्या सिमेंटसकट. नुसता जळफळाट व्हायचा माझा. ज्याने आयुष्यात एक भिंत सारखी केली नाही, त्याचे काय हे लाड!

पाठोपाठ एजंट आला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात साखर.

"परदेशात मोठी इमारत उभी राहतेय, मिस्त्री. तुमच्यासारख्यांची तिथे वाटच बघतायत."

"आणि कामाचा करार कुठाय?" बायकोने विचारलं.

"तिथे उतरल्यावर मिळेल, वहिनी. विमानतळावर कुणी विचारलंच तर म्हणायचं, फिरायला चाललोय."

"हे आणि फिरायला! लग्नानंतर मला कोपऱ्यापर्यंत नेलं नाही," ती पुटपुटली. पण मिस्त्री पुरते भुलले होते.

निघायच्या दिवशी पासपोर्ट त्यांच्या छातीशी, खिशात. मी म्हटलं, संपलं आपलं. तेवढ्यात ते पाटीपाशी आले, मला खसाखसा धुतलं आणि बनियनमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं.

विमानतळावर तपासणीच्या यंत्राने मला पकडलं. अधिकारी बाईंनी बनियन उलगडलं.

"कुठे निघालात?"

"फिरायला."

"मग ही कशाला?"

एजंटाने सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती, फक्त माझं राहिलं होतं. मिस्त्री गडबडले आणि खरं तेच बोलून गेले, "मॅडम, दुसऱ्याच्या थापीवर माझा हात बसत नाही हो."

पासपोर्टाच्या तोंडावर म्हणाले! मी अशी फुलून गेले की विचारू नका. बाई मात्र गंभीर झाल्या.

"एजंटाकडे परवाना आहे का? तुमच्याकडे करार?"

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली.

"परवान्याशिवाय माणसं परदेशी कामाला पाठवणं गुन्हा आहे. गुन्हा त्याचा, तुमचा नाही. पण फिरायच्या व्हिसावर राबताना तिथल्या मालकाने हा पासपोर्ट काढून घेतला असता, तर कुणाकडे दाद मागणार होता?"

मागे रांगेत आणखी पाच जण 'फिरायला' निघाले होते. पाचांचेही हात सिमेंटने फुटलेले. दुसऱ्या दिवशी एजंट धरला गेला.

पुरावा म्हणून मला आणि पासपोर्टाला एकाच कपाटात कोंडलं. तिथेही तो वरच्या फळीवर. मग कोर्टात अर्ज झाला आणि पासपोर्ट सुटला. मी मात्र खटला संपेपर्यंत इथेच. काल त्याला न्यायला मिस्त्री आले, तर त्यांच्या कमरेला नवी थापी! लाकडी मूठ, अंगावर ताजा गिलावा. सवतच ती! मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

मिस्त्री हवालदाराला हळूच म्हणाले, "एजंट जामिनावर सुटलाय. त्याचा माणूस घरी आला होता. म्हणतो, साक्षीत सांग, मी खरंच फिरायला चाललो होतो. केस मिटेल आणि तुझी थापीही लगेच हातात पडेल."

"मग?"

"मग काय... विचार करतोय. बावीस वर्षांची आहे ती."

मिस्त्री, अहो, माझ्यासाठी खोटं बोलू नका! इथे मला गंज चढतोय, तिकडे ती तुमच्या हातात मिरवतेय, मी जळून खाक होतेय, सगळं कबूल. पण एजंट निर्दोष सुटला तर उद्या नवी रांग उभी करील, आणि त्यांना अडवायला प्रत्येक बॅगेत कुणी असेलच असं नाही. साक्षीला या आणि खरं ते सांगा. हवं तर तिला कमरेला खोचून या. मी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही.