रोज नवी ओळख

“बाबा, परक्या माणसाच्या गळ्याला वस्तरा लावता? काही झालं तर निस्तरायचं कोणी?” तान्ह्याला खांद्यावर थोपटत लेक म्हणाली.

“माझा हात थरथरायला लागला की मग बोल,” म्हणत रेडिओने पेटी उचलली आणि तो जिना उतरला.

रेडिओ हे त्याच्या गिऱ्हाइकांनी ठेवलेले नाव. गालाला फेस लागला की याची बडबड सुरू. गळ्यावर वस्तरा असताना समोरचा बिचारा तोंड उघडणार कसा? जन्मभर त्याने गावाचे गाल तासले, पण एकाचेही धड ऐकून घेतले नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी आला आणि देवाने त्याचे तोंडच बंद केले. इथे त्याची भाषा कोणालाच कळेना.

इमारतीच्या दाराशी बाकावर एक म्हातारा बसायचा. तळमजल्यावर एकटाच राहणारा. त्याच्या हनुवटीवरच्या जखमा आणि कानाखाली राहिलेले खुंट पाहून रेडिओचे हात शिवशिवले. त्याने खुणेने विचारले. म्हाताऱ्याने मान मागे टाकून डोळे मिटले. ओळख ना पाळख, आणि माणूस गळा पुढे करतो. रेडिओने पेटी उघडली.

मग ते रोजचेच झाले. फेसातून म्हातारा काहीबाही सांगू लागला की रेडिओ वस्तरा थांबवून ऐके. शब्द एकही कळत नसे. पण देवाच्या गाण्यात शब्द निसटला तरी भाव पोचतोच ना, तसा म्हाताऱ्याचा आवाज कुठे भिजतो, कुठे हसतो, ते त्याला उमगू लागले. आणि म्हातारा रोज सकाळी बाकावरून उठून हात मिळवी, छातीवर बोट ठेवून आपले नाव सांगे. इकडची रीतच असेल, असे समजून रेडिओही रोज वाकून आपले नाव सांगे.

आज शेवटची दाढी. उद्या पहाटे विमान. हे म्हाताऱ्याला सांगायचे कसे? रेडिओने हातांचे पंख करून दाखवले. म्हातारा खदखदून हसला. शेवटी रेडिओने लेकीला खाली बोलावले.

लेकीने त्यांच्या भाषेत सांगितले. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी रेडिओचा हात धरला. डोळे भरून आले.

“जमलं बाई,” रेडिओ पुटपुटला. “सांगून निघालो, आता जिवाला घोर नाही.”

त्याने ब्रश धुतला, वस्तरा पुसला, पेटी बंद केली. तेवढ्यात म्हातारा उठला, हात पुढे केला आणि छातीवर बोट ठेवून आपले नाव सांगितले.

लेक बघतच राहिली. “बाबा, हे असं रोज करतात?”

“हो. रीत आहे ना इथली?”

“अशी रीत नाहीये, बाबा.” तिने म्हाताऱ्याला हळूच काही विचारले, उत्तर ऐकले आणि मान खाली घातली. “तुम्ही कोण, असं विचारतायत. त्यांच्या लक्षात राहत नाही काही.”

रेडिओ बाकावर टेकला.

“एका अर्थी बरंच झालं,” लेक चाचरत म्हणाली. “तुम्हाला विसरतील. वाट तरी बघणार नाहीत.”

“मला विसरेल गं. पण रोज मी यायच्या आधी गळ्याला टॉवेल गुंडाळून बसलेला असतो. ते कुठे विसरलाय? उद्या बसेल. परवा बसेल. कोणासाठी बसलोय, तेही कळायचं नाही त्याला.”

“मी बघेन अधूनमधून.”

“तू काय बघशील? पोर सांभाळशील, की नोकरी?”

बाळ कुरकुरू लागले.

“परत एकदा सांगू का त्यांना, तुम्ही जाताय म्हणून?”

“नको. आत्ताच तर रडून झालाय.”

म्हातारा हात पुढे करून अजून उभाच होता. रेडिओ उठला, त्याचा हात हातात घेतला आणि वाकून, सावकाश, आपले नाव सांगितले. म्हाताऱ्याच्या कानामागे फेसाचा एक ठिपका राहिला होता. तो त्याने अंगठ्याने पुसून घेतला.