काहून

प्रशिकने त्या कमांडला 'काहून', म्हणजे आमच्या बोलीतलं 'का', हे नाव दिलं तेव्हा मी त्याच्या शेजारच्याच टेबलावर होते, नागपुरात मिहानच्या ऑफिसात. मोठमोठ्या प्रयोगशाळांची चुंबकं, पंप, दुर्बिणी चालवणारं ते सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. देशोदेशीची माणसं ते मिळून लिहितात, एकमेकांच्या चुका निस्तरतात. धोक्याचा अलार्म वाजला की 'काहून' टाइप करायचं, म्हणजे काय बिघडलं ते कळायचं. मीटिंगमध्ये एक इटालियन त्याला 'काऊन' म्हणायचा, अगदी आमच्या गावाकडच्यासारखं. माइक बंद करून प्रशिक हसायचा, "हा तं आपल्या उमरेडचाच निघाला वं!"

प्रशिक गेला आणि सॉफ्टवेअरमधला त्याचा भाग माझ्याकडे आला. परवा प्रस्ताव आला: 'काहून' काढा, झटपट उत्तर देणारी नवीन कमांड तयार आहे. भाग सांभाळणाऱ्याने हरकत घेतली तर बदल थांबतो, असा आमच्यात नियम.

"मंग घे ना हरकत," सासूबाई म्हणाल्या. आमची लेक मेघा त्यांच्या मांडीवर पेंगत होती. मी उगाच पुन्हा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "माह्या पोराचं तेवढंच तं उरलं वं जगात."

"मेघा आहे ना, आई."

"आहेच. पन तिले दाखवशील काय?"

मी हरकत लिहिली. पाठवण्याआधी आपली खात्री असावी, म्हणून चाचणीत एक खोटा बिघाड घालून पाहिला. यंत्रं आता लाखांनी झालीत. काहून एकेकाला विचारत बसलं. स्क्रीनवर नुसतं 'थांबा'. चाचणीतला पंप केव्हाच जळाला. मग कारण आलं. अगदी अचूक.

धंतोलीच्या दवाखान्यात मीही हेच विचारत होते, याचा ताप काहून उतरत नाही? रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर म्हणायचे. रिपोर्ट आला, बरोबरही होता. तोवर प्रशिकला आम्ही पांढऱ्या कापडात घरी आणलं होतं.

हरकत पुसली. मंजुरी दिली. नव्या कमांडचं नाव इंग्रजी आहे, कुणालाही उच्चारता येईल असं.

"धाडली का वं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. काढून टाकलं मीच."

त्या कितीतरी वेळ मेघाला थोपटत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काहून?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी आधी मेघाच्या कपाळाला हात लावून पाहिला.